गुलाबाला सोबत हवी

टिल्लीच्या आईनं गुलाब लावायचं ठरवलं, त्यात गुलाबाची हौस नावालाही नव्हती. टिल्लीनं बोलावं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता.

टिल्लीनं दीड वर्ष केव्हाच ओलांडलं होतं. ती धावायची, खुर्चीवर चढायची, बाबांचा चष्मा न चुकता कचऱ्याच्या डब्यात टाकायची; पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. बोट दाखवायचं आणि "ऊं" म्हणायचं, एवढ्यावर तिचं उत्तम भागत होतं. भागत नव्हतं ते तिच्या आईचं. त्यातून शेजारच्या काकूंचा नातू टिल्लीपेक्षा लहान, आणि तो कुंपणापाशी उभा राहून "आजी, मला गार पाणी दे" अशी व्याकरणशुद्ध वाक्यं फेकायचा. त्याला तहान लागली की टिल्लीची आई खिडकी लावून घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी टिल्लीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवून पाहिला, चित्रं दाखवली आणि सांगून टाकलं, "कान उत्तम आहेत. समजतंयही सगळं. बोलेल. तिच्याशी बोलत राहा. आणि तुम्ही जरा मोकळ्या हवेत बसत जा हो, तुमचाच चेहरा पेशंटसारखा झालाय."

मोकळी हवा म्हणजे बाग, बाग म्हणजे फुलं, आणि फुलं म्हणजे नावं शिकवायची केवढी सोय! परतीच्या वाटेवरच तिचं पक्कं झालं. खिडकीखालच्या तुकड्यात टिल्लीच्या बाबांची मोडकी सायकल पडली होती, ती हलवायची आणि तिथे गुलाब. पहिला शब्द 'आई' आला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर निदान 'फूल'.

"पण तू इतकी सारखी बोलत असतेस," बाबा सायकल ओढता ओढता म्हणाले, "त्या पोरीला मध्ये जागा कुठाय?"

(या प्रश्नानंतर सायकल त्यांना एकट्यानं उचलावी लागली.)

नर्सरीतल्या बाई बोलायला टिल्लीच्या आईच्याही वरचढ निघाल्या. "ताई, गुलाब एकटा लावू नका. खालून उघडाबोडका दिसतो, शिवाय त्याला माव्याची कीड लागते. सोबतीला अशी झाडं लावायची, की एकदा लावली की वर्षानुवर्षं फुटत राहतात. हे लॅव्हेंडर घ्या. हा निळा साल्व्हिया. आणि हे घ्या, करड्या पानांचं. वासानं कीड फिरकत नाही."

"नाव काय याचं?"

"नावाचं काय घेऊन बसलात, ताई! वाढतं बघा कसं."

वाढलं खरं. गुलाबाला दोन कळ्या येईतो त्या करड्या झुडपानं अर्धा वाफा व्यापला, निळसर तुरे काढले. कीडही फिरकली नाही. मांजरं आली.

सर्वांत आधी आला काकूंचा पिवळा बोका. पोटाचा घेर असा, की कुंपणाखालून त्याचं डोकं आधी आणि बाकीचा ऐवज बऱ्याच वेळानं यायचा. त्यानं करडं पान हुंगलं, गाल घासला आणि झुडपात असं अंग झोकून दिलं, की गुलाबाची एक फांदी कडकन मोडली. पाठोपाठ बातमी फुटल्यासारखी गल्लीतली मांजरं जमू लागली. लोळायची, गुरगुरायची, लाळ गाळायची आणि शेवटी एकमेकांच्या झिंज्या उपटायची.

टिल्लीचा शब्दपाठ तिथेच चालायचा. आई जमिनीवर बैठक मारून सुरू करायची, "टिल्ली, हे बघ, फूऽल. म्हण, फूऽल. आणि मी कोण? आऽई." असं म्हणून ती छातीवर हात ठेवायची, नेमका तेव्हाच बोका तिच्या मांडीत येऊन बसायचा. की लगेच झाडू उचलून, "हाड! हाड म्हणते ना! हाड!"

काकूंनी कुंपणावरून दुरुस्ती केली. "अगं, मांजराला शुकशुक करतात. हाड कुत्र्याला."

"काकू, शुकशुक केलं की तो आणखी जवळ येतो!"

"लाडाचा आहे गं," काकू कौतुकानं म्हणाल्या.

संत्र्याच्या साली टाकून झाल्या, मिरपूड टाकून झाली. मिरपुडीनं टिल्लीचे बाबा शिंकून शिंकून बेजार झाले, मांजरं तिच्यावरही लोळली. दिवसभरात 'फूल' जितक्या वेळा म्हटलं जाई, त्याच्या कितीतरी पट 'हाड' म्हटलं जाई. टिल्ली सगळं डोळे मोठे करून पाहायची आणि म्हणायची, "ऊं."

एका सुट्टीच्या सकाळी आई दूध उतू जातंय म्हणून आत पळाली, ती परत येऊन पाहते तो काय! बोका वाफ्यात उताणा, चारी पाय वर, जीभ बाहेर, तोंडाला फेस. आणि त्याच्या शेजारी फतकल मारून बसलेली टिल्ली तेच करडं पान शांतपणे चावत होती.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, धाव! विष आहे ते! बोका गेला!"

बाबा धावत आले. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे पहिलं लागेल ते तो उचलतो. बाबांनी बोका उचलला आणि फाटकापर्यंत पोहोचले.

"अरे, मुलगी! मुलगी घे!"

अदलाबदल झाली. बोका पुन्हा वाफ्यात गेला, टिल्ली कडेवर आली, आईनं झुडूप मुळासकट उपटून पिशवीत कोंबलं आणि दोघं डॉक्टरीणबाईंकडे पोहोचली. आईच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात बाबांचा बूट.

"विष... बोका... पान..." वाक्यात कर्ता-कर्म काही उरलं नव्हतं. एरवी अखंड बोलणाऱ्या बाईला आता शब्द सापडत नव्हते. ती वाट्टेल ते नवसासारखं मनात घोकत होती: नाही बोलली तरी चालेल, जन्मभर ऊं म्हणू दे, फक्त हिला काही होऊ नये.

डॉक्टरीणबाईंनी टिल्लीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली. मग पिशवीतलं पान चुरगळून हुंगलं आणि त्या हसायलाच लागल्या.

"अहो, पुदिन्याच्या नात्यातलं आहे हे. मांजरं यानं वेडी होतात. आमच्याकडेही होतं, उपटून टाकलं शेवटी. एखाद्या पानानं हिला काही होत नाही."

"पण बोका मेलाय!"

"मेला नाही. झिंगलाय."

आईचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. तिनं टिल्लीच्या तोंडात पुन्हा बोट घातलं. काही राहिलं तर नाही ना? मग दुसऱ्या गालात. मग पुन्हा पहिल्या. टिल्लीनं मान फिरवली. बोट आलंच. तेव्हा टिल्लीनं न दिसणारा झाडू उगारावा तसा हात वर केला, आईच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"हाड!"

आईचं बोट हवेतच राहिलं.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"हाड म्हणते ना!" टिल्लीनं वाक्य पूर्ण केलं.

आई रडायलाच लागली. "बोलली! अरे, बोलली! आणि मला म्हणाली, पहिला शब्द मलाच म्हणाली!" बाहेर बसलेल्या पेशंटांनाही तिनं हे जाऊन सांगितलं. बिचाऱ्यांनी अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर तिनं ते झुडूप पुन्हा लावलं. (गुलाबाचं काय व्हायचं ते होवो. ज्या झाडापाशी पोर बोलायला शिकली, ते कोण उपटेल?) पाणी घालते आहे तोवर बोका शुद्धीवर येऊन अंग ताणत आला. टिल्ली दुडूदुडू त्याच्याकडे गेली, त्याच्या जाड मानेभोवती दोन्ही हात टाकले, त्याच्या पाठीवर गाल टेकला आणि साखरेसारख्या गोड आवाजात म्हणाली,

"आऽई."

कुंपणावरून काकू पाहत होत्या. त्यांच्या नातवाला राहवलं नाही. "आजी, तो तर आपला बोका आहे."

"असू दे रे, असू दे," टिल्लीची आई डोळे पुसत म्हणाली. "उच्चार बघ ना किती स्वच्छ आहे!"

आणि लेकीला कवेत घ्यायला ती हात पसरून पुढे झाली. टिल्लीनं वर पाहिलं. बोक्यानंही पाहिलं. टिल्लीचा हात हळूहळू वर जाऊ लागला.

आई आपणहूनच दोन पावलं मागे सरली.