पाठमोरा भागधारक

हॅरोबेक टाउन फुटबॉल क्लब विकला गेला ही बातमी नॉरिस ऑर्मरॉडला न्याहारीच्या टेबलावर कळली, आणि पावाला लोणी लावणारी त्याची सुरी हवेतच थांबली.

"नॉर्वेचा माणूस आहे," तो म्हणाला. "सामन मासे पाळतो. समुद्रात. पिंजऱ्यात."

"मग आपली बचावफळी त्याला बरोबर सांभाळता येईल," बेरिल म्हणाली. "तीही पिंजऱ्यात असल्यासारखीच उभी असते."

"चेष्टा करू नकोस. मला न विचारता विकला!"

"तुला कशाला विचारतील?"

"मी भागधारक आहे, बेरिल!"

हे खरं होतं. नॉरिसकडे क्लबचा एक शेअर होता. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे आलेला हा कागद शेकोटीवर काचेच्या चौकटीत लटकत असे. लाभांश म्हणून त्याने तीन पिढ्यांना फक्त रक्तदाब दिला होता. गावात असे एकेका शेअरचे धनी चाळीसेक होते. त्या सगळ्यांची मालकी एकत्र केली तरी गोलाची जाळी विकत आली नसती. पण वार्षिक सभेत क्लबचा चहा पिऊन, क्लबची बिस्किटं खाऊन ते संचालकांना अशा थाटात झापत, की जणू मैदान त्यांच्या परसातच होतं.

नवा मालक टॉरब्यर्न हॉल्स्टाड आठवड्याभरात गावात आला, आणि पहिली अडचण अशी झाली, की तो चांगला माणूस निघाला. उंच, लाजरा, दारातून जाताना वाकणारा. त्याने छपराची गळती थांबवली. शौचालयाला कडी बसवली. लोकांना त्याचा राग करायची मनापासून इच्छा होती आणि तो काही केल्या संधीच देईना. शेवटी त्याने ती दिली. क्लबचा तपकिरी रंग बदलून आकाशी करावा, असा प्रस्ताव त्याने मांडला.

तपकिरी रंग दुसरा कुठलाही संघ घालत नाही, आणि का घालत नाही हे पाहुण्या संघांचे प्रेक्षक आम्हाला दर शनिवारी गाण्यातून सांगत. पण तो रंग आमचा होता. नॉरिसच्या घराचं दार तपकिरी होतं, पडदे तपकिरी होते, आणि लग्नात बेरिलच्या पांढऱ्या झग्याला तपकिरी फीत होती, जिच्याबद्दल बेरिल अजूनही बोलत असे.

"घाबरायचं कारण नाही," त्या संध्याकाळी पबमध्ये नॉरिसने सगळ्यांना सांगितलं. "क्लबचा जुना नियम आहे. रंगाचा प्रश्न आला की शेअर मोजत नाहीत, हात मोजतात. त्याचे हजारो शेअर असू देत, हात एकच वर होणार. आपण चाळीस आहोत. काही करायचं नाही. हात मांडीखाली दाबून बसायचं, बस्स."

"एवढंच?" त्याचा दोस्त वॉल्टर पिकल्स म्हणाला. "एवढं तर आपला गोलकीपरही करू शकेल."

"तेच तर तो करतो, लेका."

योजनेत खोट नव्हती. पण क्लॉटनच्या मैदानावर बर्फ पडल्यामुळे पुढे ढकललेली मॅच लीगने नेमकी सभेच्या संध्याकाळीच ठेवली. क्लॉटन म्हणजे शेजारचं गाव, म्हणजे वैर. एकीकडे रंग, दुसरीकडे क्लॉटन. नॉरिसने हुकूम सोडला: कोणीही मॅचला जायचं नाही, सगळ्यांनी सभेला यायचं. सगळे आले. आणि प्रत्येकाच्या टोपीखाली, कानात, रेडिओचं एकेक बोंडूक होतं. नॉरिसच्या तर दोन्ही कानांत.

क्लबच्या चिटणीस मिसेस एन्ट्विसल यांनी हिशेब वाचला, छपराचा खर्च वाचला. समोर चाळीस माणसं इतकी शांत आणि एकाग्र बसली होती, की बाई मनातून जरा हेलावल्याच. पंचवीस वर्षांत त्यांचं कोणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

"आता रंगाचा ठराव," त्या म्हणाल्या. "आकाशी रंग ज्यांना मान्य आहे, त्यांनी कृपया..."

त्याच क्षणी, दहा मैलांवर, आमच्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला.

"येऽऽऽ!" नॉरिस दोन्ही हात वर करून उठला. त्याच्यामागे सगळं सभागृह उठलं. ज्यांचा रेडिओ दोन क्षण मागे होता, त्यांचे हात दोन क्षणांनी वर गेले. वॉल्टर तर खुर्चीवरच चढला.

मिसेस एन्ट्विसल गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांनी शांतपणे हात मोजले, नॉरिसचे दोन हात एकच धरले, आणि म्हणाल्या, "विरोधात कोणी नाही. एकमताने मंजूर."

टॉरब्यर्न उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला सांगितलं होतं, तुम्ही लोक बदलाला घाबरता म्हणून," तो कसाबसा म्हणाला, आणि समोर जो पहिला सापडला त्या नॉरिसला त्याने मिठी मारली. गावच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने तेवढ्यात बटण दाबलं. त्या मिठीत, दोन्ही कानांत बोंडकं घातलेल्या नॉरिसला दोन गोष्टी एकदम कळल्या. रंग गेला होता. आणि ऑफसाइड म्हणून तो गोल पंचांनी रद्द केला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मालकाच्या मिठीत नॉरिस होता, आणि शेजारच्या फोटोत दोन्ही हात वर करून उभा असलेला नॉरिस. बाकी एकोणचाळीस जणांपैकी फोटोत आली होती ती फक्त वॉल्टरची पॅन्ट. त्यामुळे हात फक्त नॉरिसनेच वर केला होता यावर गावाचं एकमत झालं. चिप्सच्या दुकानातल्या बाईने त्याच्या चिप्सवर व्हिनेगर घालायचं नाकारलं. पबमध्ये त्याच्या स्टुलावर कोणीतरी आकाशी रुमाल अंथरून ठेवला.

"तूही उठला होतास, वॉल्टर! खुर्चीवर चढला होतास!"

"मी पाय मोकळे करत होतो," वॉल्टर म्हणाला. "आणि माझे हात खिशात होते."

"हात दाखवून अवलक्षण ते हेच," नॉरिसने घरी येऊन डोकं धरलं. त्याने छोट्या भागधारकांच्या सह्या गोळा केल्या आणि पुन्हा सभा बोलवावी अशी रीतसर मागणी केली. मागणी मान्य झाली, पण नियमाप्रमाणे नोटीस द्यायची म्हणजे सभेला काही आठवडे लागणार. तोवर आकाशी जर्सी आल्यासुद्धा.

पहिल्या आकाशी मॅचला नॉरिसने निषेध केला. कठड्याजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी तो मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. हे करताना त्याने एका गोष्टीचा विचार केला नव्हता. पाठ मैदानाकडे म्हणजे तोंड मुख्य स्टँडकडे, आणि तिथे अगदी समोर टॉरब्यर्न बसलेला. दोघं पूर्ण मॅचभर एकमेकांकडे बघत राहिले. टॉरब्यर्नने सुरुवातीला मान लववली. नॉरिसनेही लववली, निषेध असला म्हणून काय झालं, घरचं वळण होतं.

आणि जानेवारीपासून एकही मॅच न जिंकलेला आमचा संघ दोन गोलांनी जिंकला.

ही खरी आपत्ती होती. कारण हॅरोबेकचा माणूस देवाला मानेल न मानेल, पण जिंकताना जे जसं होतं ते तसंच राहिलं पाहिजे, यावर त्याची गाढ श्रद्धा असते. पुढच्या शनिवारी नॉरिस आला, आणि निषेध एकदा केला तेवढा पुरे असं ठरवून मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. वॉल्टर धावत आला. कित्येक आठवड्यांत तो प्रथमच नॉरिसशी बोलत होता.

"वेडा आहेस का? फिर तिकडे!"

"माझा निषेध संपला, वॉल्टर."

"निषेध गेला खड्ड्यात! गेल्या वेळी तुझी पाठ होती आणि आपण जिंकलो. आपण तळाला आहोत, नॉरिस. खालच्या लीगमध्ये गेलो तर काय तोंड दाखवशील?"

"तोंड दाखवू नको म्हणून तूच तर सांगतोयस!"

पण चारही बाजूंनी ओरडा सुरू झाला. नॉरिस फिरला. संघ जिंकला. त्याच्या पुढचीही मॅच जिंकला, आणि तीन मॅचमध्ये तळातून वर सरकला. नॉरिसच्या चिप्सवर व्हिनेगर परत आलं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत, कारण आता सगळा भरवसा त्या पाठीवरच होता. फक्त त्याला मॅच दिसत नव्हती. साठ वर्षांत पाहिला नव्हता असा सुंदर गोल, लोक म्हणत, गेल्या शनिवारी झाला होता.

"कसा होता?" तो वॉल्टरला अजीजीने विचारी.

"काय सांगू! शब्दच नाहीत."

"दोन-चार तरी शोध ना रे!"

घरी बेरिलला दया आली. "अरे, तिकीट काढून तू त्या मासेवाल्याचं तोंड बघत बसतोस?"

"चांगलं आहे तोंड," नॉरिस मलूलपणे म्हणाला. "आता मला त्याच्या भुवयांवरून कॉर्नर कळतो."

दुसरी सभा शेवटच्या मॅचच्या आधीच्या मंगळवारी झाली. शेवटची मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही वाचणार होतो. ठराव नॉरिसचाच होता, म्हणून त्याला बोलावं लागलं.

"साहेब," तो टॉरब्यर्नला म्हणाला, "त्या दिवशी आमचे हात... ते तुमच्यासाठी नव्हते. ते गोलासाठी होते."

टॉरब्यर्नने जरा विचार केला. "पण तो गोल तर रद्द झाला होता ना?"

"हो."

मिसेस एन्ट्विसल म्हणाल्या, "तपकिरी रंग परत आणावा, या बाजूने हात वर करावेत."

एकही हात हलला नाही. जिंकणारी जर्सी उतरवायची, तीही शेवटच्या मॅचला? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता. वॉल्टर तर दोन्ही हातांवर बसला होता. नॉरिसचा हात खांद्यापर्यंत गेला आणि कान खाजवून परत आला. त्याचा आवडता रंग, त्याची मॅच बघायची एकमेव आशा, आणि त्याचाच ठराव. पण संघ बुडाला असता तर?

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक लांबलचक हात वर गेला. टॉरब्यर्नचा.

"एक," मिसेस एन्ट्विसल म्हणाल्या. "विरोधात?"

तपकिरीच्या विरोधात, सगळ्यांच्या देखत, हात वर करण्याची छाती हॅरोबेकमध्ये कोणाची होती?

"विरोधात शून्य. मंजूर."

"एक-शून्य," वॉल्टर कण्हला. "तोही परक्याने मारलेला."

"साहेब, का?" बाहेर आल्यावर नॉरिसने विचारलं.

"तीन आठवडे मी तुमचा चेहरा बघतोय," टॉरब्यर्न म्हणाला. "गोल झाला की सगळे उड्या मारतात. तुम्ही पण आनंदाने उडता, आणि मान न वळवता उडता. मला ते सहन होईना."

शनिवारी संघ तपकिरी जर्सीत उतरला आणि निषेधाचं कारणच संपल्यामुळे नॉरिस मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. अर्ध्या तासात आमच्यावर दोन गोल चढले. आणि मग सगळं मैदान मालकावर उलटलं. "रंग बदलायची काय गरज होती?" "मासेवाल्याला परंपरा काय कळणार!" "आमचा आकाशी परत दे!" याच गर्दीत चाळीस भागधारकही होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज वॉल्टरचा होता. ओरडून घसा दुखल्यावर तो नॉरिसकडे वळला.

"नॉरिस, अजून वेळ गेलेली नाही. फिर. गावासाठी फिर."

नॉरिसने एक उसासा सोडला, हिरवळीकडे डोळे भरून पाहिलं, आणि फिरला. फिरला तो थबकलाच.

वर मुख्य स्टँडमध्ये, सगळ्या क्लबचे पैसे मोजलेला तो उंच माणूस आपल्या खुर्चीसमोर उभा होता. मैदानाकडे पाठ करून. तोंड थेट पत्र्याच्या भिंतीकडे.

"अरे देवा," वॉल्टर म्हणाला. "तो उभा राहिलाय." मग त्याला सुचलं तेच तो ओरडला, "टॉर्बी! हलू नकोस हां!"

नॉरिस पुन्हा मैदानाकडे वळला, आणि कोणी काही म्हणालं नाही. मध्यंतरानंतर एक गोल फिटला. मग अगदी शेवटी, चिखलात पडलेल्या आमच्या सेंटर फॉरवर्डच्या गुडघ्याला लागून चेंडू घरंगळत घरंगळत रेषेपलीकडे गेला. शिट्टी वाजली. आम्ही वाचलो होतो.

लोक कुंपण ओलांडून आत धावले. नॉरिस उलट दिशेने, पायऱ्या चढत, दम टाकत वर गेला. टॉरब्यर्न अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. वळायची परवानगी कोणी दिली नव्हती.

"झालं?" त्याने भिंतीला विचारलं.

"झालं. दोन-दोन."

"शेवटचा कसा होता?"

नॉरिस त्याच्या शेजारी बसला. "बस," तो म्हणाला. "सगळं पहिल्यापासून सांगतो. भयंकर घाणेरडा गोल होता."