झाकणावरचा ठिपका

मलम करणं हा माझ्या डाव्या हाताचा खेळ आहे, असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा बायकोनं मान वर केली नाही. ती माझ्या डाव्या हाताला चांगली ओळखते.

पण माझं म्हणणं उगाच नव्हतं. मी रंगाच्या दुकानात छटा तयार करतो. गिऱ्हाईक म्हणतं, पडद्याशी जुळेल पण पडद्यासारखा दिसणार नाही असा रंग द्या, आणि मी तो देतो. पांढऱ्या रंगात याचे चार थेंब, त्याचे दोन थेंब टाकायचे, डबा यंत्रात घालून हलवायचा, की झालं काम! ज्यानं निम्म्या गावाच्या भिंती पिवळ्या-निळ्या केल्या, त्याला बागेतल्या फुलांचं मलम जड जाणार?

मलम हवं होतं सासूबाईंना. त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांचे हात इतके कोरडे पडले होते की विणताना लोकर बोटांना अडकायची. बाजारातलं एकही क्रीम त्यांना चालत नव्हतं. एकाचा वास उग्र, दुसरं चिकट, तिसऱ्याच्या बाटलीवरची बाईच त्यांना पटली नव्हती.

मला यात संधी दिसली. लग्न झाल्यापासून आजवर सासूबाईंनी माझ्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही. वाईट म्हणतात असंही नाही. त्या 'असू दे' म्हणतात. मी घर घेतलं, 'असू दे.' मला बढती मिळाली, 'असू दे.' आम्हाला मुलगी झाली तेव्हा मात्र त्या 'छान' म्हणाल्या, पण ते माझ्या बायकोकडे बघून. मला त्यांच्याकडून एक 'बरं आहे' हवं होतं. 'छान' वगैरे माझ्या स्वप्नातही नव्हतं. 'बरं आहे' पुरलं असतं.

घरामागे आमची हातरुमालाएवढी बाग आहे. ती बायकोची. माझा संबंध पाण्याच्या नळीपुरता. तिथले झेंडू आणि गुलाब तोडायची परवानगी मागितली, तेव्हा ती दाखवील तीच फुलं तोडायची असा तह झाला. तिनं दाखवलेली सगळी माना टाकलेली होती.

"घ्या ही," ती म्हणाली, "नाहीतरी कुणाच्या उपयोगाची नाहीत."

ती फुलांबद्दलच बोलत होती असं मी धरून चाललो.

कृती सोपी होती. पाकळ्या बदामतेलात घालून मंद आचेवर ठेवायच्या, गाळून घ्यायच्या, त्यात मेण विरघळवायचं आणि मग गुलाबपाणी आणि मध घालून घोटायचं. दुकानातल्या सवयीनं मी लिटरभर करायला घेतलं. चमचाभर कसं करतात ते मला माहीतच नाही. पाकळ्यांनी तेलाला रंग सुरेख दिला. पण तेल आणि पाणी जमेनात. घोटत होतो तोवर पाहुण्यांसमोरच्या नवरा-बायकोसारखी गोडीनं राहायची, हात थांबला की ते वर आणि हे खाली. मिक्सर द्यायला बायकोनं साफ नकार दिला. मागच्या खेपेला मी त्यात काय फिरवलं होतं ते ती विसरलेली नव्हती. (भिंतीची पुट्टी. थोडीशीच.)

सासूबाईंनी दारातून पातेल्यात डोकावून पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.

तेव्हा मात्र मी इरेला पेटलो. मिक्सर नाही तर नाही. त्याच्या बापालाही लाजवील असं यंत्र आमच्या दुकानात होतं!

दुसऱ्या दिवशी सगळा ऐवज किटलीत भरून दुकानात नेला. मालक बँकेत गेले होते. नवा कोरा डबा काढला, त्यात मलम ओतलं, झाकण ठोकून बसवलं आणि डबा यंत्रात कसला. हे यंत्र डब्याला असं गदागदा हलवतं की आतल्यांना भांडण मिटवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. झाकण उघडलं. आत फिकट पिवळं, दाट, एकजीव मलम! इतकं देखणं मी आजवर काही केलं नसेल.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. डब्यात छटा तयार झाली की आम्ही बोट बुडवून झाकणावर एक ठिपका लावतो. चिकटवलेले कागद पडतात, अक्षरं पुसली जातात, ठिपका खोटं बोलत नाही. जे आत तेच वर. इतक्या वर्षांत हे काम माझं बोट मला न विचारता करतं. मलमाच्या झाकणावरही त्यानं ठिपका लावून टाकला.

त्याच दिवशी एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचा नमुन्याचा डबा द्यायचा होता. त्यांना दिवाणखान्यासाठी पिवळा रंग हवा होता, पण तो पिवळा वाटायला नको होता. आधी भिंतीवर एक पट्टा मारून बघणार आणि मगच बाकीचं ठरवणार होत्या. मी छटा केली, ठिपका लावला, डबा काउंटरवर मलमाच्या डब्याशेजारी ठेवला आणि आत जेवायला गेलो.

बाहेर आलो तर एकच डबा उरला होता. मालक परत आले होते आणि बाईंच्या रंगाऱ्याला त्यांनी डबा देऊनही टाकला होता. मी उरलेला उचलला. झाकणावर फिकट पिवळा ठिपका. अरे वा, म्हटलं, बाईंचा गेला, आपला राहिला! दोन्ही ठिपके सारखेच होते हे मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. उलट, झेंडूनं माझी छटा बरोबर उचलली म्हणून मला झेंडूचं कौतुक वाटलं होतं.

वासावरून कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर तो रंग बिनवासाचा. आम्ही तो तसं सांगूनच विकतो. आणि या धंद्यात माझं नाक कधीच निवृत्त झालेलं आहे.

घरी आल्यावर मलम वाडग्यात काढून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी बोटं बुडवून दोन्ही हातांना कोपरापर्यंत लावलं.

फुलांचा वास येत नाही, असं बायको म्हणाली. खऱ्या फुलांच्या मलमाला वास नसतोच, वास घालावा लागतो तो बाजारच्या मालाला, असं मी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

सकाळी सासूबाई चहाला आल्या आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात कसले, नव्या घराची भिंत! एकसारखे, सपाट, कुठे सुरकुती नाही.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. बायकोनं गॅस बंद केला. आम्ही दोघांनीही ते ऐकलं होतं.

"कातडी कशी धरून ठेवल्यासारखी वाटते," त्या पुढे म्हणाल्या. "आणि हात धुतले तरी जात नाही. आता उद्या निघायचंय, तर आज चेहऱ्यालाही लावून बघते."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी चपला घालत असताना त्या आपल्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "आमच्या जावयानं केलंय." आमच्या! एरवी त्या मला 'हिचे यजमान' म्हणतात. त्या दिवशी दुकानात मी सहा गिऱ्हाइकांना गरज नसताना हसून दाखवलं.

दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. जन्म ग्रंथालयात गेल्यामुळे त्या फोनवरही कुजबुजत बोलतात.

"तुमचा रंग वाळत नाहीये," त्या म्हणाल्या. "कालपासून पंखा लावलाय. आता भिंतीला मुंग्या लागल्यात. रांगेनं येतायत, शिस्तीत आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मला मुंग्या नको होत्या."

मालकांचा चेहरा उतरला. आमच्या रंगावर बुरशी धरत नाही, धूळ बसत नाही अशी हमी आहे. मुंग्यांचा विचार कंपनीनंही केला नव्हता. आम्ही दोघं निघालो.

बाईंच्या दिवाणखान्यात खुर्चीमागे पट्टा मारलेला होता आणि तो तुकतुकत होता. रंगारी पायरीवर बसून चहा पीत होता. लावताना काही वेगळं वाटलं नाही का, असं मालकांनी त्याला विचारलं. वाटलं, असं तो म्हणाला, पण आपलं काम लावायचं आहे, शंका काढायचं नाही.

"वास मात्र छान आहे हं," बाई कुजबुजल्या. "गुलाबाचा. ही नवीन सोय काढलीत का?"

गुलाबाचा! मी भिंतीला बोट लावलं आणि चोळून पाहिलं. टर्पेंटाइननं वर्षानुवर्षं खरखरीत झालेलं माझं बोट घटकेत लहान मुलाच्या गालासारखं झालं. खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो असा की मलम उत्तम जमलंय. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. मलम इथे आहे, तर मग घरी काय आहे?

मी मालकांना डब्यांची अदलाबदल झाल्याचं सांगितलं, कशाची ते नंतर सांगतो म्हटलं, उरलेल्या मलमाचा डबा उचलला आणि घराकडे पळत सुटलो.

पळता पळता मी थोडा हळू झालो. मनात पाप आलं. सांगायलाच हवं का? रंग हाताला तर लागलाय. आज ना उद्या निघेल. उद्या सासूबाई जातील. मी मूग गिळून बसलो तर ते 'बरं आहे' जन्मभर माझं राहील, आणि बहिणीच्या घरीसुद्धा मी 'आमचे जावई' असेन. मी जवळजवळ चालायलाच लागलो होतो. तेवढ्यात 'चेहऱ्यालाही लावून बघते' हे आठवलं, आणि मी पुन्हा धूम ठोकली.

उशीर झाला होता. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा, पण पिवळा न वाटणारा चेहरा. बायको शेजारी उभी राहून वर्तमानपत्रानं वारा घालत होती.

"आईशी बोलू नका," ती म्हणाली. "वाळतंय."

मी डबा जमिनीवर ठेवला.

"आई," मी म्हटलं, "तो भिंतीचा रंग आहे."

वर्तमानपत्र थांबलं. सासूबाईंना राग आला की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण चेहरा हलत नव्हता. फक्त डोळे माझ्याकडे वळले. बायको स्वयंपाकघरात गेली. आत एक भांडं पडलं, आणि मग ती हसते आहे हे लपवण्याचा प्रयत्नही तिनं सोडून दिला.

"कुठल्या?" ओठ न हलवता सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"कुठल्या भिंतीचा?"

"दिवाणखान्याच्या."

"बाहेरच्या बाजूचा की आतल्या?"

"आतल्या."

त्यांनी क्षणभर विचार केला.

"असू दे," त्या म्हणाल्या.

पुढचा सगळा वेळ रंग काढण्यात गेला. नुसत्या कोमट पाण्याला तो दाद देईना. धुता येईल, पण जाणार नाही, अशी आमची जाहिरातच आहे आणि ती खोटी नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मलमच कामी आलं. मलम चोळायचं, थांबायचं, मऊ फडक्यानं पुसायचं. रंग सुटत गेला आणि खालून सासूबाई हळूहळू परत दिसू लागल्या. हात मऊ, गाल मऊ, घरभर गुलाबाचा वास. तो बायकोनं मला सांगितला. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला, ते मलम अखेर जिथे लागायचं तिथे लागलं होतं! सासूबाईंनी एका हातावरून दुसरा हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. मी श्वास रोखून उभा होतो.

"चिकट आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं बरं होतं."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. ग्रंथपाल बाईंच्या भिंतीला खरा रंग लागला. आधीचा पट्टा पुसायला गेलेल्या रंगाऱ्याला त्यांनी थांबवलं आणि वाटीभर मलम खरवडून घेतलं, मुंग्या वेचून, असं तो सांगत होता. मालक अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

संध्याकाळी बागेत पाणी घालताना मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'पहिलं बरं होतं.' पहिलं म्हणजे काय? रंग! आणि तो केला कुणी? मी! म्हणजे सासूबाईंनी आयुष्यात माझ्या एकाच गोष्टीला बरं म्हटलं, तेही खरं काय ते कळल्यावर पुन्हा एकदा म्हटलं, आणि ती गोष्ट म्हणजे माझं रोजचं काम, माझी कला! नळी तशीच हातात धरून मी हे बायकोला सांगायला गेलो.

बायको गुलाबाला आळं करत होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रंग कंपनीचा असतो," ती म्हणाली. "डबा यंत्र हलवतं. तुम्ही बटण दाबता."

मी नळी खाली केली. पाणी माझ्याच चपलांवर पडत होतं.

"ठिपका मात्र तुमचा," ती म्हणाली.