हातभर डावीकडे

मुक्बिलच्या घरात तिळाचं तेल आधी बंदुकीला मिळे आणि उरलं तर स्वयंपाकाला. बंदूक जुनी जर्मन बनावटीची, त्याच्या आजोबांच्या वेळची होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तीन पिढ्यांच्या गालांनी घासून गुळगुळीत झाला होता. थंडीत ती लोकरीच्या शालीत झोपायची.

"शाल माझ्या माहेरची आहे," त्याची बायको तकिय्या म्हणायची.

"मग ती काय परकी आहे?" मुक्बिल बंदुकीकडे बघत म्हणायचा.

अशा माणसाच्या ज्वारीत, मुलाचं लग्न तोंडावर आलेलं असताना, शेजारच्या हिजामची गाय शिरली. भांडण गाईवर आणि ज्वारीवर राहिलं असतं तर बांधावरच मिटलं असतं. पण हिजाम रागाच्या भरात बोलून गेला, "तुझ्या त्या जर्मन म्हातारीला एक गाय हाकलता येत नाही!"

मुक्बिलचा श्वास अडकला. "म्हातारी? आणि तुझी काय? फेटे वाळत घालायची काठी!"

आता हिजाम पांढरा पडला. जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी चटकन गाय बाजूला नेली, कारण विषय तिच्या हाताबाहेर गेला होता.

रिवाजाप्रमाणे गावप्रमुख शेख जुब्रानला मध्यस्थ नेमलं आणि तंटा मिटेपर्यंत दोघांनी आपापली बंदूक त्याच्या स्वाधीन केली. बंदूक देणं म्हणजे शब्द देणं. निकालाआधी ती परत मागणं म्हणजे शब्द फिरवणं.

संध्याकाळी तकिय्या आणि हिजामची बायको गच्चीच्या भिंतीवरून बोलल्या. तुपाचं एक मडकं इकडून तिकडे गेलं आणि तंटा संपला. सकाळी दोघे नवरे शेखकडे हजर झाले.

"मिटलं? कोणी मिटवलं?" शेखनं विचारलं. मुक्बिलची बंदूक त्याच्या मांडीवर होती आणि तो तिचा दस्ता पुसत होता.

"बायकांनी."

"छान केलं. पण निकाल मला द्यायचा आहे ना? आधी गाय बघू."

त्यानं गाय पुढून बघितली, मागून बघितली. ती भुकेनं शिरली की खोडसाळपणानं, हे त्याला ठरवता येईना.

"तिलाच विचारतो, शेख," हिजाम म्हणाला.

मुक्बिलला हसू आलं नाही. लग्नाच्या दिवशी समोरच्या कड्यावर नेमासाठी अंडं ठेवतात आणि पहिला बार नवऱ्या मुलाच्या बापाचा असतो. दरीपलीकडून नवरीचा बाप, म्हातारा दिरहम, आपल्या सगळ्या भाऊबंदांना घेऊन येणार होता. त्यांच्यासमोर उसनी बंदूक खांद्याला लावायची? यानं स्वतःची विकून लग्न काढलं, असं ते आयुष्यभर म्हणाले असते.

एका दुपारी दोघे शेताच्या बांधावर बसले असताना डोंगरातून बार ऐकू आला. मुक्बिल ताडकन उठला. "हा तिचा आवाज आहे."

दोघे धापा टाकत माथ्यावर पोचले. शेख पालथा पडला होता. गाल मुक्बिलच्या दस्त्यावर होता आणि शेजारी स्वच्छ फडक्यावर हिजामची बंदूक होती.

"शेख! हे काय?"

"पुरावा तपासतोय," शेख मुळीच न दचकता म्हणाला. "कोणाची बंदूक काय करू शकते, यावरूनच पेटलं ना तुमचं? न चालवता कसा निकाल देऊ?"

दोघे एकमेकांचा हात धरून खाली आले.

लग्नाच्या सकाळी शेख स्वतःच दोन्ही बंदुका घेऊन आला. त्या लखलखत होत्या. "दोष गाईचा," त्यानं जाहीर केलं. मुक्बिलनं दस्त्याचा मुका घेतला.

"सुनेचं अजून तोंड बघितलं नाही, आणि हे आधी!" तकिय्या म्हणाली.

पाहुणे ओळीनं बसले. कड्यावर अंडं पांढरं चमकत होतं. मुक्बिलची बंदूक हातभर डावीकडे मारायची. ही गोष्ट त्याच्याखेरीज कोणाला माहीत नव्हती. घरातल्या माणसाचं व्यंग कोणी चारचौघांत सांगत नाही. त्यानं सवयीनं हातभर उजवीकडे नेम धरला आणि चाप ओढला.

धूळ उडाली ती अंड्याच्या हातभर उजवीकडे.

शेख त्याच्या कानाशी वाकला. "डावीकडे मारत होती रे. नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट ठोकून सरकवला जरा. आता अगदी सरळ आहे."

मुक्बिलनं बंदूक डोळ्यांजवळ आणून तो खुंट बघितला.

"हिजामचीही केली. ती वर मारायची."

तोवर हिजामचा बार अंड्याच्या बराच खाली लागला होता. तो बंदुकीकडे असा बघत राहिला, जणू ती त्याच्यावर थुंकली होती.

म्हातारा दिरहम सावकाश उभा राहिला. मुक्बिलनं मान खाली घातली.

"सोयरे," दिरहम छातीवर हात ठेवून म्हणाला, "मुद्दाम चुकवून पहिला मान पाहुण्यांना ठेवलात! आणि शेजाऱ्याचीही तीच रीत! एवढं मोठं मन आमच्या दरीत नाही." मग त्यानंही बंदूक उचलली आणि तितक्याच अदबीनं कड्याच्या भलत्याच टोकाला गोळी घातली.

त्याचा भाऊ त्याहून नम्र निघाला. पुतण्यानं तर जवळजवळ ढगावर नेम धरला. मग मुक्बिलचे चुलते, मग पुन्हा पाहुणे. ऊन कलायला लागलं. कडा ठिकठिकाणी टवके उडून पांढरा झाला, अंडं तेवढं शाबूत होतं.

आतून तकिय्याचा निरोप आला: "मांस थंड होतंय. अंडं फुटत नसेल तर मी येते."

शेख केव्हापासून गालातली ‘गात’ची नशिली पानं चघळायचीही विसरला होता. इतक्या सुरेख बंदुका, आणि एकीचाही नेम नाही! त्याचा हात आपल्या बंदुकीसकट आपोआप वर गेला. बार झाला. कड्यावर अंडं नव्हतं.

"वा!" शेख म्हणाला. एकटाच.

दिरहम थिजला होता. त्याचा भाऊ उठून उभा राहिला. "पाहुण्यांचा मान... गावच्या शेखनं?"

शेखनं चहूकडे बघितलं. एकही चेहरा मदतीला आला नाही. "माझ्या हातून... अंड्याकडे बघून..." अपमान पाहुण्यांचा झाला होता, म्हणून रिवाजाप्रमाणे मध्यस्थ आता यजमान मुक्बिल, आणि तंटा मिटेपर्यंत शेखची बंदूक त्याच्या स्वाधीन. हरणं कोरलेली आपली इंग्रजी शिकारी बंदूक, जिला आजवर कोणी बोटही लावलं नव्हतं, ती त्यानं दोन्ही हातांनी मुक्बिलपुढे धरली.

दिरहमला त्याची दया आली. "जाऊ द्या हो. मी माफ केलं. चला, जेवू."

"एवढ्या घाईनं?" मुक्बिल दचकून म्हणाला. बंदूक त्याच्या मांडीवर पोचली होती, आणि कोरीव हरणं नीट दिसावीत म्हणून त्यानं सरकून हिजामला शेजारी जागा करून दिली.