ओळखीचं माणूस फ्रेममध्ये नको

हेडक्लार्क रिटायर झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला, इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. सगळी नोकरी फायलीत मान घालून गेल्यामुळे माणसांचे चेहरे पाहायचे राहून गेले, असं त्यांचं म्हणणं. (बायकोचं म्हणणं, "घरात एक आहे की. तो बघा.") पण त्यांना हवे होते रस्त्यावरचे चेहरे. परके, बेसावध, खरे.

आता कचेरीत मुरलेल्या माणसाला नियमाशिवाय छंदसुद्धा जमत नाही. त्यांनी नियम केला : ओळखीचं माणूस फ्रेममध्ये नको. ओळखीचं माणूस पोज देतं आणि फोटो खोटा होतो. चौकात पोस्टमन दिसला, डिलीट. शेजारचे वकील आले, डिलीट. आणि बायको तर सारखीच यायची. हे घरून निघताना चष्मा नाहीतर गोळ्या विसरणार, ती त्या घेऊन मागोमाग येणार आणि नेमकी समोर उभी राहणार.

"अगं, बाजूला हो! फ्रेममध्ये आलीस!"

"आले तर आले. काढा की एक माझाही."

"तुझा काय काढायचा? तू घरातलीच आहेस."

डिलीट.

या छंदात त्यांना यश मिळालं ते एकदाच. कडाक्याच्या थंडीत, कापडाच्या मोठ्या दुकानासमोर, राखाडी कोट घातलेली आणि नाकापर्यंत मफलर गुंडाळलेली एक बाई थबकली, आणि सरळ कॅमेऱ्यात बघून डोळ्यांनी हसली. हेडक्लार्कांनी (चष्मा कपाळावर) बटण दाबलं आणि अदबीनं म्हणाले, "थँक्यू, मॅडम." मॅडमनी नुसती मान डोलावली.

तो फोटो त्यांनी मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. खाली पितळी पट्टी : 'अनोळखी स्त्री'. घरी येईल त्याला त्यासमोर उभं करून ते व्याख्यान देत. "ही नजर बघा! या बाईचं माझ्याशी ना नातं ना गोतं, पण बघतेय कशी!"

"हो ना," चहाचा ट्रे ठेवत बायको म्हणायची. "बिचारीकडे घरी कुणी बघत नसेल."

रोज सकाळी फडकं घेतलं की ती सगळ्यात आधी तोच फोटो पुसायची. हेडक्लार्कांना वाटायचं, चला, हिलाही कलेची गोडी लागली.

मग एका सकाळी ती उठलीच नाही. कसली कुरबूर नाही, कसला निरोप नाही. झोपेतच गेली.

भेटायला येणारी माणसं दिवा लावलेल्या टेबलाकडे बघत आणि विचारत, "फोटो नाही ठेवलात?" हेडक्लार्क कॉम्प्युटरसमोर बसले. फुगेवाला होता, छत्री दुरुस्त करणारा होता, जांभई देणारे तीन पोलीस होते. ती नव्हती. लग्नातला एक फोटो होता, पण त्यातल्या घाबरलेल्या मुलीला ते जवळजवळ विसरले होते. एक ओळखपत्रावर होता, त्यात ती कुठल्या तरी गुन्ह्यात हवी असल्यासारखी दिसत होती. त्यांना हवी होती ती चष्मा घेऊन मागोमाग येणारी.

धाकटी मेहुणी आली तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते.

"सगळ्या जगाचे फोटो आहेत गं," ते म्हणाले, "तुझ्या ताईचा एक नाही. मीच पुसले सगळे."

मेहुणीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "भावोजी, असं काय करताय? तो काय समोर."

"कोण?"

"कोण म्हणजे? ताई!"

"ती? ती तर अनोळखी..."

"अहो, तो कोट माझा आहे! ताईची दाढ काढली त्या दिवशी. दवाखान्यातून बाहेर पडलो तर तिला हुडहुडी भरली, म्हणून मीच घातला तिच्या अंगावर. गालाला सूज, तोंडात कापूस, वर मफलर. तुम्ही 'थँक्यू, मॅडम' म्हणालात आणि मी खांबाआड हसून हसून बेजार!"

हेडक्लार्कांना ती संध्याकाळ आठवली. बायको जेवली नव्हती. दाढेचं काहीतरी सांगत होती. ते "हं, हं" म्हणत फोटोच बघत होते.

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

मेहुणीचं हसू मावळलं. "मी म्हटलं होतं, सांगून टाक. तर म्हणाली, नको गं. ओळखीची निघाले तर पुसून टाकतील."

हेडक्लार्क त्या फोटोखाली उभे राहून रडले. मेहुणीनं त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम काखेत मारून ते फोटो स्टुडिओत गेले. पितळी पट्टी काढायला सांगितली. स्टुडिओवाल्यानं ती काढली, काच पुसली आणि फोटो दिव्याखाली धरला.

"बाई फार छान आल्यात हो," तो म्हणाला. "पण मागच्या दुकानाच्या काचेत कुणीतरी माणूस कडमडलाय बघा. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. सगळी शोभा घालवलीय. कापून टाकू?"

हेडक्लार्कांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "बाईंच्या ओळखीचा आहे."