अकरा पोरींचं रडू

रामहरीच्या थोरल्या पोरीला, राजेश्रीला, पाहायला पालमचे पाव्हणे निघाले आणि बरोबर त्याच वेळी शाळेत पोरींना हॉकी शिकवणाऱ्या भुजंग सरांचा फोन आला की टेस्टवाले उद्या येणार होते ते आजच येत आहेत.

"आज? सर, आज माझ्या घरी पाव्हणे हायेत हो!"

"मग येऊ द्या की. पाव्हण्यांच्या नाकात थोडंच घालायचंय? निकिताला तेवढी शाळेत धाडा. अकराच्या अकरा पोरींची टेस्ट झाल्याबिगर परभणीला मैदानात पाय ठेवू देत न्हाईत. त्यात ती गोलकीपर. ती न्हाई तर टीम न्हाई."

निकिता धाकटी. जिंतूर-येलदरी रस्त्यावरच्या त्या एवढ्याशा गावात पोरींची हॉकीची टीम उभी राहिली होती, हेच मुळी एक नवल. त्यात कोरोनाचे दिवस. स्पर्धा भरवणाऱ्यांनी नियम घातला होता की प्रत्येक खेळाडूची टेस्ट झालेली पाहिजे. नियम चांगलाच होता. वांधा एवढाच की शाळा रामहरीच्या घरासमोर होती. त्याच्या ओसरीत बसलं की शाळेचा व्हरांडा तळहातासारखा दिसायचा.

आणि येणारा पाव्हणा होता माणिकराव. हा गृहस्थ बिमारीला इतका भ्यायचा, की मध्यस्थानं आधीच बजावून ठेवलं होतं, "बाकी कायबी होऊ द्या, त्यांच्यासमोर शिंकू नका." माणिकरावांनी म्हणे मेथीची जुडीसुद्धा साबणाच्या पाण्यात धुऊन घेतली होती, आणि वर घरच्यांना भाजीला फेस का येतोय म्हणून विचारलं होतं. रामहरीच्या गावातली एक सोयरीक गेल्या उन्हाळ्यात नुसत्या खोकल्यावर मोडली होती. तो खोकला मिरचीच्या फोडणीचा होता, पण ऐकून कोण घेतो?

ही सोयरीक मोडून चालणार नव्हतं. भागवत, म्हणजे नवरामुलगा, पालमला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवायचा. निर्व्यसनी, हसतमुख. आणि मुख्य म्हणजे आधीची दोन स्थळं फोटो पाहूनच परत पाठवणारी राजेश्री ह्याचा फोटो पाहून म्हणाली होती, "बगा, तुमचं तुमी." राजेश्रीच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे होकारच. फोटो तिनं परत दिला नाही, हेही रामहरीनं पाहून ठेवलं होतं. पोरीचं मन बसलंय, आता आपल्या हातून काही बिघडायला नको, असं त्यानं मनाशी ठरवलं.

त्यानं सोयाबीनच्या खळ्यावरची भली मोठी ताडपत्री काढली आणि अंगणाच्या तोंडाला बांधून टाकली. शाळा झाकली गेली.

"हे काय करायलाव?" बायकोनं, धुरपताबाईनं विचारलं.

"राजेश्रीचे माय, तू पोहे बघ. अन् निकिते, तू टेस्ट करून मागच्या दारानं घरात ये. समोरून येशील तर याद राख."

पाव्हणे आले. माणिकराव, त्यांच्या मंडळी नर्मदाबाई आणि भागवत. माणिकरावांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून खुर्चीवर फवारली, चहाच्या कपाच्या कानावर फवारली, आणि ओटीत द्यायला ठेवलेल्या नारळालाही सोडलं नाही. मग ताडपत्रीकडे पाहून म्हणाले, "हे काऊन बांधलं?"

"वारं लय हाय आमच्याकडं," रामहरी म्हणाला. अंगणातल्या लिंबाचं पानही हलत नव्हतं.

राजेश्री पोहे घेऊन आली. बोलणं रंगायला लागलं. भागवतनं काहीतरी विचारलं, राजेश्रीनं मान खाली घालून उत्तर दिलं, दोघंही जरासे हसले. रामहरीचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात ताडपत्री उचलली गेली आणि निकिता आत आली. नाक लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या अवस्थेत तिला मागचं दार कुठलं नि पुढचं कुठलं!

माणिकरावांची खुर्ची चार बोटं मागे सरकली. "पोरगी काऊन रडायलीय?"

रामहरीच्या तोंडून फटकन निघून गेलं, "थोरली बहीण सासरला जाणार ना आता. सकाळपासून असंच चालू हाय."

"अगं माय!" नर्मदाबाईंचा ऊर भरून आला. "अजून आमी पसंती बी सांगितली न्हाई, अन् लेकरू रडायलंय!"

निकिता बापाकडे पाहतच राहिली. रामहरीनं डोळे वटारले. ती मुकाट्यानं घरात गेली.

इथवर सगळं निभावलं होतं. पण एक गोष्ट रामहरी साफ विसरला होता. शाळा बंद झाली तेव्हापासून शाळेच्या नळाला पाणी नव्हतं आणि हॉकीच्या पोरी तोंड धुवायला, पाणी प्यायला त्याच्याच अंगणातल्या रांजणावर यायच्या.

ताडपत्री पुन्हा उचलली गेली. दुसरी पोरगी आली. डोळे पुसत, नाक ओढत.

"ही?" माणिकरावांनी विचारलं.

"ही... राजेश्रीची मैत्रीण."

तिच्या मागून तिसरी आली. ती तर हुंदकेच देत होती. चौथी आणि पाचवी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून आल्या. मग बाकीच्या आल्या. रांजणाभोवती रडणाऱ्या पोरींचा नुसता मेळा भरला.

"एवढ्या सगळ्या राजेश्रीसाठी?" नर्मदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय सांगू विहीणबाई, गावाचा लय जीव हाय तिच्यावर."

राजेश्रीनं चमकून बापाकडे पाहिलं. रामहरी लिंबाकडे पाहायला लागला.

"अवो, ऐकलं का?" नर्मदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या गल्लीतली पोरगी सासरी गेली तर चार डोळे ओले व्हत न्हाईत. हिच्यासाठी अख्खं गाव रडायलंय. अशी सून दिवा घेऊन हिंडलं तरी मिळायची न्हाई. मला तर पसंत हाय!"

माणिकरावांनीही मान डोलवली. भागवत तर मघापासून डोलवतच होता. धुरपताबाई साखर आणायला आत वळली, आणि नेमकी तेव्हाच ताडपत्री पुन्हा एकदा उचलली गेली. आत आले भुजंग सर. त्यांच्यामागे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातला एक माणूस, हातात लांब काडी.

"बिमारी!" माणिकराव ओरडले आणि उठून थेट गोठ्यातल्या म्हशीआड गेले.

"पाव्हणं, भ्यायचं काम न्हाई!" रामहरी हात जोडून धावला. "हा कापसाच्या फवारणीवाला हाय!"

"मी आरोग्य खात्याचा आहे," पांढऱ्या पोशाखातून आवाज आला. "निकिता कुठे आहे? नाकातलं घेऊ दिलं आणि घशाचं घ्यायला गेलो तर काडी हातानं अडवून पळाली."

"गोलकीपर हाय ना," भुजंग सर कौतुकानं म्हणाले. "समोरून काय बी आलं की अडवतीच."

म्हशीआडून आवाज आला, "म्हणजे ह्या पोरी..."

रामहरीनं तोंड उघडलं. पण आज सकाळपासून इतकं खोटं उपसलं होतं की विहीर कोरडी पडली होती. झालं, मोडली सोयरीक, आणि तीही आपल्या जिभेनं, असं वाटून त्याला रडू यायला लागलं.

तेव्हा राजेश्रीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "पोरींना बिमारी न्हाई, काकू. स्पर्धेचा नियम हाय म्हणून टेस्ट केलीय त्यांची. नाकात काडी घातली की पाणी येतं डोळ्यांतून. माझ्यासाठी कुणी रडत नव्हतं."

"एक बी न्हाई?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"एक बी न्हाई. उलट मी गेले तर नाचतील. सरांना सकाळी यायला जमत न्हाई म्हणून पोरींना पहाटे उठवून मीच पळवते."

"खरंय, काकू," रांजणापासून एक पोरगी नाक पुसत म्हणाली. "कवा घेऊन जाताव ताईला?"

नर्मदाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, मग राजेश्रीकडे, आणि मग एकदम खो खो हसत सुटल्या. "बाप बोलतो त्यातलं एक खरं न्हाई, अन् लेक खोटं बोलंना! मला आता दुप्पट पसंत हाय."

"पण बिमारी..." म्हशीआडून.

"तुमी बाहेर या आधी! ती म्हैस शिंकली तर काय कराल?"

माणिकराव तातडीनं बाहेर आले. भुजंग सर डोकं खाजवत म्हणाले, "पाव्हणे, एक विनंती होती. तुमी गोलकीपरच्या घरात बसलाव. तुमची बी टेस्ट झाली तर माझ्या जिवाला घोर राहणार न्हाई."

माणिकराव नको नको म्हणत असतानाच भागवत उठला. राजेश्रीसमोर एवढी संधी कोण सोडतो? "माझी घ्या पहिली," म्हणत छाती पुढे काढून तो खुर्चीत बसला आणि पुढच्याच क्षणी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. राजेश्रीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मग नर्मदाबाईंनी करून घेतली, धुरपताबाईनं घेतली, रामहरीनं घेतली. निकिताचे दोन्ही हात सरांनी धरले तेव्हा कुठे तिच्या घशाचं मिळालं. शेवटी माणिकरावांना दोघांनी धरून बसवलं. काडी नाकाजवळ गेली मात्र, त्यांनी असा काही टाहो फोडला की अख्ख्या गल्लीनं ऐकला.

काडी निघाल्यावर ते रामहरीच्या खांद्यावर मान टाकून म्हणाले, "व्याही, सोयरीक पक्की. पण पुन्यांदा असं करू नका." आणि रामहरीलाही रडू फुटलं. त्याचं मात्र नाकातलं नव्हतं. पोरगी खरंच जाणार, हे त्याला आत्ता पहिल्यांदा कळलं होतं.

शेजारची बायनाबाई टाहो ऐकून धावत आली. ताडपत्री बाजूला करून पाहते तर सगळं अंगण रडत होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "रामहरी, काय झालं रं? कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं, वहिनी. राजेश्रीची सोयरीक जमली!"

पाव्हणे आल्यापासून रामहरीनं बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. बायनाबाईनं त्याच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावर कण्हणाऱ्या माणिकरावांकडे पाहिलं, ओसरीत डोळे पुसणाऱ्या बायकांकडे पाहिलं. "बरं बरं. धीर धर, बाबा," म्हणाली आणि निघून गेली.

थोड्या वेळानं ती परत आली. डोक्यावर पाटी, पाटीत ज्वारीच्या भाकरींची चळत आणि पातेलंभर पिठलं. ज्या घरात माणूस जातं त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. बायनाबाईनं पाटी ओसरीत ठेवली, राजेश्रीच्या तोंडावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपत गेली. धुरपताबाईच्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली.

"हे काय?" नर्मदाबाईंनी विचारलं. "आमच्याकडं तर हे मौतीच्या घरी देतेत."

खरं बोलून काय मिळतं ते रामहरीनं नुकतंच पाहिलं होतं. त्यानं घसा साफ केला. "आमच्याकडं दोन्हीला देतेत, विहीणबाई. सोयरीक जमली की पहिला घास शेजाऱ्याचा. गावची रीत हाय."

"किती चांगली रीत!" नर्मदाबाई म्हणाल्या आणि सगळे पंगत धरून बसले. पोरीसुद्धा जेवल्या. माणिकरावांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि सॅनिटायझर लावायचं पार विसरले.

सगळ्यांच्या टेस्टा चांगल्या निघाल्या. पोरी परभणीला दोन सामने जिंकल्या, तिसरा हरल्या; निकितानं मात्र समोरून आलेलं बरंच काही अडवलं. थंडी सरता सरता राजेश्रीचं लग्न लागलं, आणि पाठवणीच्या वेळी अकराच्या अकरा पोरी खरोखरच ढसाढसा रडल्या.

लग्नानंतर महिन्याभरानं राजेश्रीचा पालमहून फोन आला.

"बापू, आमच्या गल्लीत कुणाची बी सोयरीक जमली की सासूबाई पिठलं-भाकरी घेऊन पहिल्या जायलेत. काल एका नवरदेवाच्या आज्यानं पाटी बघितली अन् स्वतःच्या छातीला हात लावून बघितला. आता दुसऱ्या बायका बी न्यायलेत. ही रीत नेमकी कवाची हाय, असं विचारायलेत सगळे."

रामहरीनं घसा साफ केला.

"लय जुनी हाय, बाई," तो म्हणाला. "लय जुनी."