चहाच्या वेळेचा कान

ॲप सुरू झालं त्या सोमवारी आमच्या संस्थेने सगळ्या समाजकार्यकर्त्यांचे कान जमा करून घेतले. लोकांचं ऐकून घ्यायचं काम यापुढे ॲप करणार होतं आणि एका कामाला दोन साधनं ठेवणं योग्य नव्हतं. मी संस्थेचा भांडारपाल. बाटलीचं बूच काढतात तसे फिरवून कान काढले, चष्म्याच्या डब्यांत कापूस घालून ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. माझे कान माझ्याकडेच राहिले. भांडारपालाने कुणाचं ऐकून घ्यावं अशी अपेक्षा आधीही नव्हती.

काम सुरळीत चाललं. कार्यकर्त्या टॅबलेट घेऊन घरोघर जात. समोरचं माणूस बोले ते पडद्यावर अक्षरांत उमटे आणि खाली निष्कर्ष येई. बहुतेक लोक समाधानी निघत होते. सचिव धारूरकर साहेब म्हणायचे, एवढं समाधान तालुक्यात पूर्वी कधी नव्हतं.

मग एका सकाळी वासंतीताई ढेकणे भांडारात आल्या. आमच्या सगळ्यांत जुन्या कार्यकर्त्या.

"तांबटकर, माझा डावा कान द्या. दुपारपुरता."

"कारण?" मी विचारलं. त्यांनी ते पडद्यावर वाचलं.

"माझ्याकडे एक गुंफाबाई आहेत, लेकाकडे राहतात. समोर बसल्या की सगळं बरं आहे म्हणतात. मग म्हणतात, चहा ठेवते, आणि पाठ करून ओट्याशी उभ्या राहतात. तेव्हा त्या काहीतरी बोलतात. मान हलताना दिसते मला."

"मग पडद्यावर वाचा की."

"चहाचं नाव निघालं की ॲप थांबतं. 'विश्रांती' एवढंच दिसतं."

हे खरं होतं. चहा ही कामाची वेळ नव्हे, असं ॲप बनवणाऱ्यांना आम्हीच सांगितलं होतं.

"अहो, बायका खरं बोलतात ते चहा ठेवतानाच," ताई म्हणाल्या. "तोंडावर कोण सांगतं?"

मला हा सगळा नसता उपद्व्याप वाटला. पण अर्ज मी साहेबांकडे नेला. संध्याकाळपर्यंत एक कान मंजूर झाला, आणि भांडारातली वस्तू बाहेर जाणार म्हणून सोबत मीही.

दुसऱ्या दुपारी आम्ही गेलो. गुंफाबाईंचं घर एका खोलीचं. लेक कामावर गेला होता. त्या समोर बसल्या, टॅबलेटकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "समदं बरं हाय." पडद्यावर 'समाधानी' उमटलं.

"बसा की ताई, च्या ठेवते."

पडद्यावर 'विश्रांती' आली. तेवढा एक शब्द ॲपला सगळ्या बोलींत कळतो.

बाईंनी पातेलं ठेवलं, साखर टाकली आणि पातेल्याकडेच बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "लेक मारतोय मला. काल बी मारलं. दर खेपेला सांगते ताई, तुमी निस्तं बघत बसता. मला हितनं न्या."

वासंतीताईंनी ऐकलं. मीही ऐकलं. आलेला चहा मला पिववेना. ताईंनी मात्र तो शांतपणे संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चला. तुमची लुगडी घ्या."

बाईंना महिला निवाऱ्यात पोहोचवून आम्ही भांडारात परतलो. ताईंनी कानाला हात घातला. मी म्हटलं, राहू द्या. माझा डावा कान काढला आणि त्यांच्या डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी धारूरकर साहेब तपासणीला आले.

"समाधानी बाई घर सोडून गेलीच कशी?"

"चहा झाल्यावर गेल्या, साहेब. ती वेळ नोंदीत येत नाही."

त्यांनी कपाट उघडलं. "या कानात कुडी होती ना?"

"कुडी त्यांची स्वतःची होती. परत दिली."

"कान जरा केसाळ वाटतोय."

"भांडारात ओल फार आहे, साहेब."

त्यांनी कान मोजले. भरले बरोबर. ते गेले.

दुपारी कार्यकर्त्या रेहाना मुजावर दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, माझ्या वस्तीत एक आजी आहेत. हल्ली एका भेटीत दोनदा चहा ठेवतात."

मी अर्ज मागितला नाही. उजवा कान काढून त्यांच्या हातावर ठेवला.

आता मला काहीच ऐकू येत नाही. भांडारपालाचं त्यावाचून काही अडत नाही. दिवसभराचं काम नेहमीसारखं झालं. कपाटाला कुलूप लावून मी घरी गेलो आणि खुर्चीवर बसलो. बायकोने माझ्याकडे बघून दोन शब्द उच्चारले, चहा ठेवते असंच म्हणाली असणार, आणि पाठ करून ओट्याशी उभी राहिली.

तिची मान हलत होती.