लॅपटॉपच्या मागच्या तीन खुर्च्या

आमच्या शेजारच्या मधुभाऊंना समोर मान हलवणारं माणूस दिसलं नाही, तर इंग्रजी बोलता येत नाही. मराठी येतं, हिंदी तर मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात पाळण्यातल्या पोरालाही येतं. पण इंग्रजीसाठी त्यांना हलती मान लागते. अशा तीन माना त्यांनी गल्लीतूनच गोळा केल्या आहेत. त्यातली एक माझी.

मधुभाऊ करतात काय, हे कळायला गल्लीला बराच काळ लागला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. लॉकडाऊनमध्ये घरी आले ते परत गेलेच नाहीत. आता त्याच कंपनीसाठी घरूनच टीमलीडरांना 'अजाईल' शिकवतात. अजाईल म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी संत्र्याचा बगीचा पुढे केला. सगळ्या बगीच्यातली संत्री एकदम तोडायची नाहीत. एक पेटी भरायची, गिऱ्हाइकाला दाखवायची, ते काय म्हणतं ते ऐकायचं, मग पुढची पेटी. कापसाचे व्यापारी बबनशेठ तिथंच बसले होते. ते म्हणाले, "तोवर भाव पडते न मधुभाऊ."

पुढाऱ्याचं काम हुकूम सोडणं नव्हे, माणसांच्या वाटेतले काटे वेचणं, हे मधुभाऊंचं लाडकं वाक्य. शिवाय टीममधली भांडणं कशी मिटवायची, हाही एक धडा असतो. जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावण्याची जत्रा ज्या गावात भरते, तिथून हा माणूस पुण्याच्या पोरांना सलोखा शिकवतो. हिंमत लागते.

वर्गाची मांडणी अशी. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यापुढे मधुभाऊ उभे, आणि लॅपटॉपच्या पाठीकडे आमच्या तीन खुर्च्या. पोरांचे आवाज मधुभाऊंच्या कानातल्या यंत्रात, त्यामुळे आम्हाला फक्त एका बाजूचं बोलणं ऐकू येतं. आम्हाला का बसवलं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरं कॅमेरे बंद ठेवतात, पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसतात. "चौकोनांले काय शिकवू मॅडम? भिंतीशी बोलून राहिलो असं वाटते." मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. समोर चेहरे नसताना शिकवणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मला सांगायला नको. मी लगेच हो म्हटलं.

नियम सोपे. समजलं तर मान हलवायची, नाही समजलं तर डोकं खाजवायचं. बबनशेठना इंग्रजीचा गंध नाही, पण त्यांची मान वाक्य संपायच्या आधीच हलते. दुकान पोराच्या हाती दिल्यापासून त्यांना वेळच वेळ आहे. वर्गातून एकच गोष्ट त्यांनी मनावर घेतली: रोजची बैठक उभ्यानं घ्यायची, म्हणजे लवकर संपते. गणपती मंडळाच्या सभेत त्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या. सभा इतकी लवकर आटोपली, की चहावाला पोचला तेव्हा चौकात कोणी नव्हतं. लोक अजून रागावलेले आहेत. सभेला ते चहासाठीच येतात.

तिसरी खुर्ची पुष्पाताईंची, म्हणजे मधुभाऊंच्या थोरल्या बहिणीची. त्या लोधीखेड्याला दिलेल्या. यजमान गेल्यावर मधुभाऊ त्यांना इकडे घेऊन आले, आणि आल्या तशा त्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजल्या. चहा उशाशी निवून जायचा. मी गेले की डोक्यावरून पांघरूण ओढायच्या. मधुभाऊंनी देवळात चल म्हटलं, भजनी मंडळाच्या बायकांना घरी बोलावलं, डॉक्टर झाले. ताई काही उठेनात. ही बाई परत माणसात येते की नाही, याचाच आम्हाला घोर लागला होता.

मग एका सकाळी मधुभाऊ त्यांच्या दाराशी जाऊन म्हणाले, "ताई, दोन माणसांनी भागून नाही राहिलं. तू नसली तर माझी नोकरी जाईन." त्या चुरगळलेल्या लुगड्यात येऊन बसल्या, मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी मधुभाऊंनी शिकवणं थांबवून सांगितलं, की ताईचं तोंड दिसत नसल्यामुळे आपण काय बोलतोय ते आपल्यालाच कळत नाही. तिसऱ्या दिवशी तोंड वर आलं. हळूहळू आंघोळ लवकर होऊ लागली, वेणी घातलेली दिसू लागली. पुढे पोहे त्याच करायला लागल्या. ताईंनी जांभई दिली की मधुभाऊ पुण्याला सुट्टी जाहीर करायचे आणि आम्हाला सांगायचे, की आम्हाला झोप आली हे सरांना न बघता कसं कळतं, म्हणून पोरं चकित होतात. ताई तेव्हा पदरात हसायच्या. ते हसू बघून मला फार बरं वाटायचं.

अशात कंपनीनं मधुभाऊंना पुण्याला बोलावलं, कायमचं. समोरासमोर वर्ग घ्यायचे. मधुभाऊंनी नाही म्हणून कळवून टाकलं. बबनशेठ चिडले. तिथं जिवंत तोंडं दिसतील, इथं आमच्या म्हाताऱ्या माना कायले पाहून राहिले, असं त्यांनी स्पष्ट ऐकवलं. मधुभाऊ म्हणाले, मला इथली सवय झाली. मलाही तो शुद्ध वेडेपणा वाटला.

दोन-चार दिवसांनी वर्ग चालू असताना लॅपटॉपची वायर निसटून पडली. माझी खुर्ची जवळ, म्हणून मी उठून ती लावायला गेले आणि पडद्याकडे नजर गेली. काळा चौकोन एकही नव्हता. पडदाभर पोरं-पोरी होती, कोणी चहा पीत होतं, कोणी वहीत लिहीत होतं. सगळे मधुभाऊंकडे बघत होते. मधुभाऊंनी बोलता बोलताच माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली, इतकी हळू, की खुर्चीतून दिसली नसती. मी वायर लावली आणि जागेवर येऊन बसले. पुढचा सगळा तास मला समोरचं धूसर दिसत होतं.

सुट्टी झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ताई पोह्यांवर घालायला सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरत होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विळी बाजूला सारली.

"तुमाले आज दिसली वाटते पोरं," त्या म्हणाल्या. "मले कधीचीच माहीत हायेत. मधू पाणी प्याले उठला होता, मी पंखा लावाले गेली, तर सगळे हात हलवून राहिले. मीबी हलवला. तवापासून पंख्याच्या निमित्तानं रोज पाहून घेते."

मग मधुभाऊंना सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"त्याचं लग्न नाही, लेकरू नाही. दिवसभर परक्या पोरांशी बोलते. घरचं कोणी त्याचं ऐकाले नको काय? मी उठून नाही बसली तर कोण बसन?"

मी पोह्यांच्या बशा मांडू लागले.

"पण मॅडम," ताई दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्यात एक चष्मेवाली पोरगी असते. लई दिवसांपासून तोंड उतरलं हाय तिचं. तिले कोणी काही इचारलं पायजे. मधूले मी कशी सांगू? त्याच्या हिशेबी मले तर पोरं दिसतच नाही न."

ते मी सांगते, म्हटलं.